कमानीला ठेवलेलं भोक

काल सकाळी दोरीवरच्या पांढऱ्या चादरीवर काजळीचा पहिला कण पडला. मी तो बोटानं झटकायला गेले आणि दरवर्षीची चूक केली. कण पुसटला, चादरीवर काळी रेघ उमटली. कसबा बावड्यात जन्म काढलेल्या बाईला एवढं कळायला हवं, की काजळी झटकायची नसते, फुंकायची असते. पण पहिल्या कणाला माझं बोट लागतंच. मग वास येतो, आधी उकळत्या रसाचा गोड आणि त्याच्या पाठोपाठ मळीचा आंबूस, नाकात शिरला की दिवसभर मुक्काम करणारा. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला हे आमच्या बावड्यात कुणी कुणाला सांगायला जात नाही. वाळत घातलेलं धुणंच सांगतं.

या वासानं लोकांना चालत्या ट्रॉलीतून ओढून खाल्लेला ऊस आठवतो. मला रेक्झिन आठवतं. रेक्झिन चिकटवायचं पिवळं सोल्युशन आठवतं, त्याच्या डब्याचं झाकण उघडल्यावर डोळ्यांत येणारं पाणी आठवतं. आणि एक गाडी आठवते, जिच्यात मी बसले असेन जेमतेम तीन वेळा, पण जिच्या आतला इंच न् इंच माझ्या हाताखालून गेला आहे. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाचा तो हंगाम. आता बरीच वर्षं झाली. हंगाम दरवर्षी परत येतो, आणि तो एक तेवढा संपत नाही.

आधीच कबूल करते, माझा स्वभाव संशयी आहे. कुणी फार गोड बोलायला लागलं की मी आपल्या चपला कुठे काढल्यात ते बघून ठेवते. दुधाचा थेंब नखावर घेऊन बघते. शाळेत मुलं म्हणतात, कांबळे बाईंना पाठीलाही डोळे आहेत. हा स्वभाव मी काही आठवडी बाजारातून आणलेला नाही. माझी आत्या म्हणायची, "आपल्या मानसांनी इस्वास ठिवून ठिवून काय मिळिवलं, त्ये आधी बघ, मग हास." दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे पटायचं नाही. दुकानात बुद्धाच्या तसबिरीखाली शिलाई मशीनवर वाकून ते म्हणायचे, "मानूस खोटा निघाला तर त्यो खोटा. आपून त्येला आधीच खोटा ठरिवला, तर खोटं आपून." मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, म्हणूनच तुम्हाला कुणीही टोपी घालतं.

दुकान उद्यमनगरात. सुजाता कुशन वर्क्स. सुजाता म्हणजे मी. माझ्या जन्माच्या वर्षी दादांनी दुसऱ्याकडची नोकरी सोडून स्वतःचं मशीन घेतलं, आणि पाटी रंगवणाऱ्यानं नाव विचारल्यावर पाळण्याकडे बोट दाखवलं. जीप, मेटॅडोर, टेम्पो, ट्रक, सगळ्यांच्या बैठकी आमच्याकडे व्हायच्या. त्या वर्षी मी डी.एड. होऊन शिक्षिकेच्या ऑर्डरीची वाट बघत घरी बसले होते. पोस्टमन ऑर्डर मुद्दाम दाबून ठेवतो अशी माझी खात्री होती. इकडे दादांचा उजवा अंगठा दुखायला लागला होता. रेक्झिन ताणायला अंगठाच लागतो, आणि त्यांनी उभं आयुष्य तो वापरला होता. म्हणून मी त्यांच्याबरोबर दुकानात जायला लागले. टाके मला लहानपणापासून येत होतेच. ताणायला त्या हंगामात शिकले.

गाडी आली ती आवाजानं. समोरचे लेथ, पलीकडचा हातोडा, सगळं त्या घरघरीखाली बुडालं. दोन दारांची, लांबलचक, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली जुनी अमेरिकन गाडी. बॉनेट एवढं ऐसपैस, की त्यावर चौघांची पंगत बसावी. नाकावरचं नाव आणि मागची अक्षरं कुणीतरी कधीच उचकटून नेली होती. पत्र्यावर नुसती बारीक भोकं उरली होती. मुंबईत कुण्या परदेशी माणसाची होती म्हणे, मग हातोहात फिरत कोल्हापुरात आली. "म्हणे" हा शब्द आला की माझे कान उभे राहतात. गाडी चोरीची असणार, असं मी त्याच दुपारी ठरवून टाकलं. नव्हती. कागद अगदी व्यवस्थित होते.

मालक भाऊसाहेब. कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांचे ठेकेदार. वय पंचावन्न, पोट सुटलेलं, शर्टाच्या खिशात ब्लडप्रेशरची गोळी. त्यांना घाटातल्या गाड्यांच्या शर्यतीत ही गाडी स्वतः चालवायची होती. गाडी उलटली तर छत डोक्यात घुसू नये म्हणून बैठकीमागे लोखंडी पाइपाची भक्कम चौकट असल्याशिवाय शर्यतीत घेत नव्हते. कागदावर तिचं नाव रोल बार, उद्यमनगरात तिचं नाव लगेच कमान झालं. कमान आधी बसवायची, मग आतलं सगळं नवं करायचं: बैठकी, छताचं कापड, दारांचे पुठ्ठे, गालिचा. दादांनी हळूच विचारलं, या वयात हे कशाला? भाऊसाहेब म्हणाले, "कांबळे, जलमभर उसाच्या ट्रॉलीमागनं फिरलो. एकदा तरी कुनाला मागं टाकू द्या की."

या एका वाक्यासाठी मला ते आवडायला हवे होते. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुकानात खुर्ची टाकली आणि आमच्या हातांवर नजर ठेवून बसायला लागले. दारांच्या मुठी आम्ही बदलू नयेत म्हणून त्यांनी प्रत्येक मुठीच्या आतल्या बाजूला खिळ्यानं ओरखडा काढून ठेवला होता. जुनी बैठक उसवली तेव्हा आतून काथ्या, गंजलेल्या स्प्रिंगा, उंदराचं घर, एक केसाची पिन आणि एक परदेशी नाणं निघालं. पिन मी ठेवून घेतली. नाणं त्यांनी माझ्या तळहातावरून उचललं आणि माझी मूठ पुन्हा एकदा उघडून बघितली.

चहाचं तर वेगळंच. आमच्याकडे दिवसातून चार वेळा चहा व्हायचा. भाऊसाहेब घरून थर्मास आणायचे आणि आपल्याच झाकणातून प्यायचे. "शुगर हाय मला, बिनसाखरेचा लागतुया," असं ते म्हणाले होते. असेलही. पण बिनसाखरेचा चहा आमच्या स्टोव्हवर होत नाही असं थोडंच होतं? दादा म्हणाले, सोड. मी सोडलं नाही. ते झाकण मी रोज बघत होते. आज इतक्या वर्षांनीही त्या थर्मासात साखर नव्हती की आणखी काही होतं, हे मला ठरवता आलेलं नाही. संशय नेहमी हवेतून येत नाही, त्याला मागच्या पिढ्यांचा पत्ता असतो. त्याचा राग मात्र भलत्याच दारात जाऊन पडतो.

ते दार बापू मिस्त्रींचं. आमच्या दुकानामागे वीस पावलांवर त्यांची वेल्डिंगची शेड होती. सडसडीत अंग, ठिणगीनं अधू झालेला एक डोळा, मनगटावर भाजल्याचे पांढरे ठिपके. ते आमच्या बाकावर बसायचे, आमच्या कपातून चहा प्यायचे, वर "सुजे, साखर कमी पडलीया बघ" म्हणून पुन्हा मागायचे. दादांचे जुने मित्र. पण उद्यमनगरात त्यांचं नाव निघालं की लोक आवाज खाली घ्यायचे. तीन हंगामांपूर्वी चढावर एका ट्रॉलीचा हूक तुटला, भरलेली ट्रॉली मागे आली आणि ऊसतोडणीच्या एका माणसाचा पाय गेला. हूक बापूंनी जोडलेला होता. बापू सांगत राहिले, "जोड तुटला न्हाई, जोडाच्या शेजारचं लोखंड फाटलंय. दुप्पट ऊस भरलाता. तुकडा आनून बघा की." तुकडा त्याच दिवशी भंगारात गेला होता. बघितला कुणीच नाही. तेव्हापासून ट्रॉल्यांचं काम त्यांच्याकडे यायचं थांबलं. खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं एवढ्यावर शेड चालली होती.

मग भाऊसाहेबांनी कमान बापूंनाच का दिली? कारण जाड पाइप न चेपता वाकवणारा दुसरा हात जवळपास नव्हता. पण देताना चारचौघांत बजावलं, "बापू, कमान तपासनीत पास झाली, तर फुडल्या हंगामाला माझ्या समद्या ट्रॉल्या तुझ्या शेडात. त्यात काय कमीजास्त निघालं, तर मातर तुझं नाव इसरायचं." बापूंनी हातातला चष्मा सदऱ्याला पुसला आणि म्हणाले, "बघाय येनाऱ्याला बघू द्या. मला येवढंच पायजे."

मी ते ऐकलं आणि मला ते फार गोड बोलणं वाटलं.

त्या दिवसांची सकाळ अजून अंगावर येते. बावड्याहून शहराकडे यायच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची आणि बैलगाड्यांची रांग, धुकं, बैलांच्या अंगाची वाफ. दुकान उघडलं की गार पडलेलं रेक्झिन पापडासारखं कडक असायचं, त्याला उन्हात टाकून मऊ करावं लागायचं. काळं रेक्झिन आणि त्याला लाल पायपिंग, असं भाऊसाहेबांनी ठरवलं होतं. मी पायपिंगची बारीक लाल कड शिवत बसायची. मशीनच्या टकटकीत पलीकडून बापूंच्या ग्राइंडरची किंकाळी मिसळायची. शेडच्या उघड्या दारातून मला त्यांचं काम दिसायचं. मी बघत होते असं म्हणणं सौम्य होईल, मी पाळत ठेवून होते.

पाइप वाकवताना चेपू नये म्हणून त्यात कोरडी वाळू ठासून भरतात. बापूंनी पंचगंगेची वाळू पत्र्यावर पसरून, भाजून कोरडी केली, पाइपात भरली, लाकडाच्या खुंट्या मारल्या आणि गारच, घाई न करता, थोडा थोडा करून पाइप वाकवला. मधे मधे थांबून ते वळणावरून तळहात फिरवत होते. बघण्यासारखं काम होतं ते. आणि मी काय विचार करत होते? ही वाळू हा माणूस पूर्ण काढणार नाही. पातळ पाइप, पण आत वाळू, म्हणजे उचलून बघणाऱ्याला जड लागेल. ही युक्ती माझ्या डोक्यात आली, बापूंच्या नाही. तरी ती त्यांच्या नावावर लावायला मला काहीच जड गेलं नाही. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच. फरक एवढाच, की माझं धोपटणं मनातल्या मनात चालायचं, त्यामुळे कुणी थांबवायला आलं नाही.

शेडच्या खांबाला तारेनं एक इंग्रजी कागद लटकवलेला होता. शर्यतवाल्यांचा नियमांचा कागद, कमानीचं चित्र असलेला. मी आत जाता-येता तो हलताना पाहिला होता. त्या गल्लीत इंग्रजी वाचू शकणारी मी एकटीच होते, आणि मी तो एकदाही वाचला नाही. बापूंनी चित्रावरून आणि कुणाकुणाला विचारून तो समजून घेतला होता.

कमान बसली. बैठकीमागे उभी चौकट, तिला मागे कललेले दोन पाय, खाली जाड पट्ट्या, बोल्ट गाडीच्या तळातून आरपार. दादा तिला धरून लोंबकळले आणि हसले. मग आमचं काम. "लोखंड दिसाय नगो," असा भाऊसाहेबांचा हुकूम होता. म्हणजे डोकं आपटेल तिथे फोम आणि वरून रेक्झिन, एवढ्यावर न थांबता कमान खालपर्यंत मढवायची.

मी गालिचा अंथरत होते तेव्हा ते दिसलं. नव्या काळ्या गालिच्यावर वाळूचे चार कण. मी पुसले, थोड्या वेळानं पुन्हा दोन. वर बघितलं तर कमानीच्या डाव्या पायाला, आतल्या अंगानं, ज्वारीच्या दाण्याएवढं भोक. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. बघा, म्हटलं, वाळू आत ठेवलीच आहे. वाळू भरून वाकवलेल्या पाइपातून चार कण मागाहून गळणारच, हे मनात आलं नाही. आणि बोल्टसाठी भलतीकडे पाडलेलं भोक तसंच सोडून दिलंय. भोकाच्या कडा कानशीनं घासून गुळगुळीत केलेल्या होत्या. चुकून पडलेल्या भोकाला कुणी कानस लावत नाही. हे मला दिसलं होतं, पण संशयाला जे हवं तेवढंच दिसतं.

आमच्या धंद्याचा एक नियम आहे. मढवण्याआधी बुजवायचं. खाली खड्डा, भोक, चीर काही राहिलं, तर ताणलेलं रेक्झिन कालांतरानं तिथे बसतं आणि वरून खळगा दिसतो. म्हणून फोमचा चुरा पिवळ्या सोल्युशनमध्ये मळायचा, ती गोळी भोकात दाबायची, अंगठ्यानं सारखी करायची. दादांनी मला हे पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. मी गोळी मळली, दाबली, सारखी केली. काम म्हणून केलंच, पण त्याखाली दुसरंही काही होतं. या माणसाचं बिंग आपल्याला ठाऊक आहे आणि आपण ते झाकून उपकार करतोय, अशी एक गोड भावना होती. विचारावं, हे भोक कसलं आहे, एवढं मात्र सुचलं नाही. बापू वीस पावलांवर चहा पीत होते, आमच्याच कपातून.

मग फोम, वरून काळं रेक्झिन, आतल्या बाजूला टाके. टाका इतका साफ बसला, की दादांनी त्यावरून दुखरा अंगठा फिरवला आणि नुसतं "हं" म्हणाले. दादांचं "हं" म्हणजे मोठी गोष्ट असते.

तपासणी शर्यतीच्या आदल्या दिवशी, घाटाखालच्या एका मैदानात होती. आम्ही दोघं गेलो होतो, ऐन वेळी काही उसवलं तर म्हणून. बापू धुतलेला सदरा घालून आले होते. गाडी उन्हात चकाकत होती आणि आतून नव्या रेक्झिनचा वास येत होता. भाऊसाहेबांच्या भोवती उद्यमनगरातली पाच-सहा माणसं, दोन ट्रॉलीवाले. पुण्याहून आलेला तपासनीस तरुण होता, चष्मेवाला, हातात जाडी मोजायचं बारीक हत्यार. त्यानं कमान हलवून बघितली, खालच्या पट्ट्या बघितल्या, मग विचारलं, "तपासणीचं भोक कुठे आहे? नियमात आहे. पाइप किती जाड आहे ते आतून मोजायला."

मी कमानीच्या डाव्या पायावरच्या माझ्या टाक्याकडे बघितलं.

बापू मात्र खुलले. याच प्रश्नासाठी ते धुतलेला सदरा घालून आले होते. "हाय की सायेब," म्हणत ते आत वाकले, डाव्या पायावर हात ठेवला, बोटांनी चाचपलं. बोटं थांबली. पुन्हा चाचपली. "वरनं मढिवलंय. कापा हितं. कापा, काय हुईत न्हाई." तपासनीसानं ब्लेड मारलं. माझा टाका उसवला, फोम फुगून बाहेर आला. खाली भोक होतं, आणि ते भरलेलं होतं.

त्यानं पेचकसाच्या टोकानं गोळी उकरून तळहातावर घेतली. पाइपातल्या तेलकट मळानं काळपट झालेली, कसली ते कळू नये अशी. सगळे पुढे वाकले. भाऊसाहेब ओरडले, "बापू! काय भरलंयस ह्ये?"

बापूंनी ती गोळी घेतली. दोन बोटांत चुरली. नाकाशी नेली. मग त्यांनी ती खाली टाकली आणि चपलेनं मातीत दाबली. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "मीच भरलंय. पाइपात पानी शिरंल म्हनून."

तपासनीसानं भोकात हत्यार घातलं, आकडा बघितला, दुसऱ्यांदा बघितला. "जाडी बरोबर आहे. पास." आणि शिक्का मारून तो पुढच्या गाडीकडे गेला. त्याचं काम झालं होतं. आमच्या माणसांचं आता सुरू झालं.

"चोख हुतं तर बुजिवलंस कशाला?" भाऊसाहेबांनी विचारलं. बापूंनी गोळीवरचा पाय हलवला नाही. एक ट्रॉलीवाला दुसऱ्याला म्हणाला, "खोड जात न्हाई बघ."

मला तोंड होतं. चार पावलांवर उभी होते. "मी बुजवलं" हे दोन शब्द, त्यांना कितीसा श्वास लागतो? पण पाटीवर माझं नाव होतं, भाऊसाहेबांची नजर मला ठाऊक होती, आणि भीती अशी वाटली, की हा माणूस आता सगळ्या गल्लीत सांगेल, कांबळ्यांच्या दुकानात द्यायचं नाही. दादा माझ्या शेजारी हत्यारांच्या पिशवीची नाडी सोडून पुन्हा बांधत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

शर्यतीत भाऊसाहेबांनी खरंच दोन गाड्या मागे टाकल्या आणि तिसऱ्या वळणावर इंजिन तापून थांबले. त्यावर लोक आठवडाभर हसले आणि विसरले. बापूंचं मात्र कुणी विसरलं नाही. गोष्ट उद्यमनगरात पोचेपर्यंत तिच्यातून जाडीचा आकडा गळून पडला होता, शिक्का गळून पडला होता. उरलं एवढंच, की बापूनं पाइपातलं भोक बुजवलं होतं आणि पुण्याच्या सायबानं पकडलं. पुढच्या हंगामाला ट्रॉल्या दुसरीकडे गेल्या.

पंधरा दिवसांत माझी ऑर्डर आली. पोस्टमननं ती दाबून ठेवली नव्हती. शिरोळ तालुक्यातली शाळा, जयसिंगपूरला उतरून पुढे दुसरी एसटी. मी निरोप घ्यायला सगळीकडे गेले, शेडकडे गेले नाही. चोराच्या मनात चांदणं असतं. सुट्टीत घरी आले तरी दुकानात मागच्या दारानं जायचं टाळायची. वर्षभरात बापूंनी शेड बंद केली आणि ते इचलकरंजीला कुणाकडे तरी कामाला लागले, असं कळलं. दादांनी ते मला जेवताना सांगितलं आणि आमटी वाढून घेतली.

दोन वर्षांपूर्वी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी इचलकरंजीला गेले होते. दुपारच्या सुट्टीत एका गल्लीतून चालत होते. दोन्ही बाजूंना यंत्रमागांचा खडखडाट, बोललेलं ऐकू येत नाही असा. एका पत्र्याच्या शेडपुढे माणूस मागाचा तुटलेला भाग जोडत बसला होता. डोळ्यांवरची वेल्डिंगची काच बाजूला केली तेव्हा अधू डोळा दिसला. मी पुढे निघून जाऊ शकले असते.

"बापू, मी सुजाता. कांबळ्यांची."

"वळखलं की. आवाज कांबळ्याचाच हाय." त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, चहा सांगितला. "साखर बेताची घाल रं, बाई मास्तरीन हाय." बापू हसले. पुढचे दात गेले होते.

मी चहा हातात धरूनच म्हणाले, "बापू, ते भोक मी बुजवलं होतं."

"म्हाईत हाय."

"कसं?"

"सोल्युशनचा वास. वेल्डराच्या शेडात त्यो कुठला?"

"मग स्वतःवर का घेतलंसा?"

माग चालू होते, त्यामुळे त्यांना उत्तर मोठ्यानं द्यावं लागलं. "चार बाप्यांत लग्नाच्या पोरीचं नाव कसं घ्यायचं? भाऊसायेब काय बोलला असता, तुला काय ठावं न्हाई व्हय? म्हटलं, आज ऱ्हाऊ दे माझ्यावर. उद्या-परवा सुजी यील आनी चार मानसांत सांगंल."

मी कप खाली ठेवला. ते म्हणाले, "लई दिवस वाट बघितली मी." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही धरायला मिळालं असतं. मी म्हणाले, आता सांगते, सगळ्यांना सांगते. ते म्हणाले, "सांग की. पर त्या गल्लीत ती मानसं ऱ्हायलीत किती?" आणि काच पुन्हा डोळ्यांवर ओढून कामाला लागले.

त्यालाही दोन वर्षं झाली. माझी बदली आता बावड्यातच झाली आहे, दुकानावर पाटी अजून आहे, दादा अजून दुपारी जाऊन बसतात. सांगायला रोज जमलं असतं. काल ती काजळी बोटाला लागली आणि रात्रीची भांडी झाल्यावर मी हे लिहायला बसले. भाऊसाहेब, तुम्ही हे वाचाल की नाही कोण जाणे. तुमच्या थर्मासाचा हिशोब मला लागला नाही, पण तो राग मी बापूंच्या नावावर टाकला होता, हे आता मला कळतं. आमच्या कपातून चहा पिणाऱ्या एकुलत्या एका माणसावर मी पाळत ठेवली. तुकडा बघा, तुकडा बघा म्हणून जो तीन वर्षं ओरडला, त्यानं कुणीही यावं आणि आत डोकावून बघावं म्हणून आपल्या कामाला मुद्दाम एक भोक ठेवलं, कडा घासून ठेवलं. आणि मी ते बुजवलं.

आज सकाळी हे सगळं दादांना वाचून दाखवलं. ते ऊन खात बसले होते, मांडीवर काजळीचे कण. मी कागदाची घडी घातली तेव्हा म्हणाले, "वास मलाबी आलता."

मी घडी पुन्हा उघडली.

"पाटी जाईल म्हनून गप बसलो," ते म्हणाले. उजवा अंगठा डाव्या मुठीत धरून चोळत राहिले. मग म्हणाले, "माझंबी नाव घाल त्यात."

म्हणून घालते. बापू मिस्त्रींनी केलेल्या कमानीचा पाइप चोख होता. तपासणीचं भोक त्यांनी मुद्दाम ठेवलं होतं. ते मी, सुजाता कांबळे हिनं, न विचारता बुजवलं, आणि यशवंत कांबळे यांना ते त्याच वेळी कळलं होतं. आम्ही दोघंही तिथे हजर होतो, आणि आम्ही दोघंही बोललो नाही.